हजेरीपट कोणाच्या हाती?

रोजगार हमीच्या कामावर राबलेल्या मजुराने ‘माझी मजुरी का आली नाही?’ असे विचारले की अलीकडे एक ठरीव उत्तर मिळते : ‘एमआयएसला दिसत नाही.’ गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव असो, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील दुसरे एखादे गाव असो, की विदर्भातील एखादा पाडा असो, या उत्तरात फरक पडत नाही. उत्तर देणारा ग्राम रोजगार सेवक बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच दिसत नसते. तहसील कचेरीतील संगणकचालकाला दिसत नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यालाही दिसत नाही. ज्या बाईने भर उन्हात सहा दिवस माती उपसली तिला मात्र आपले काम स्वच्छ दिसत असते. पण तिचे दिसणे या व्यवस्थेत पुरावा म्हणून धरले जात नाही.

‘व्यवस्थापकीय माहिती प्रणाली’ हा या तीन अक्षरांचा अधिकृत मराठी अनुवाद. शब्द जड असला तरी त्यातील पहिले विशेषण महत्त्वाचे आहे. ही माहिती व्यवस्थापकाची आहे. ज्या विद्याशाखेतून ही कल्पना निघाली तिचे आरंभीचे वाङ्मय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. कारण आज आपल्या खेड्यांत जे घडते आहे त्याची पूर्वसूचना त्या वाङ्मयात पन्नास वर्षांपूर्वीच दिलेली आढळते. आमच्या शासनाने यंत्र घेतले; यंत्राबरोबर आलेला इशारा मात्र खोक्यातच राहिला.

या शाखेचा जन्म अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या अडचणीतून झाला. कारखान्याचे सुटे भाग, गिऱ्हाइकांच्या मागण्या, गुदामातील साठा यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जात आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नसे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन याने या नोंदी एकमेकींशी जोडून ठेवणारी पहिली मोठी व्यवस्था रचली. १९७० साली आयबीएममधील गणिती एडगर कॉड याने त्यापुढचे पाऊल टाकले. सर्व आधारसामग्री साध्या कोष्टकांत मांडावी, म्हणजे ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही तिला प्रश्न विचारता येईल, असा त्याचा सिद्धांत होता. (आधारसामग्रीला हल्ली ‘विदा’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे. आमच्या पिढीच्या कानाला तो अजून उपरा वाटतो, इतकेच.) कॉडच्या सिद्धांतात लोकशाहीचे एक बीज होते. ज्ञानाची किल्ली भांडारपालाकडून काढून प्रश्नकर्त्याच्या हाती देण्याचा तो प्रयत्न होता. पण प्रश्नकर्ता कोण, याचे उत्तर गणितात नसते. ते सत्तेच्या रचनेत असते.

ती रचना हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी याने १९६५ साली मांडली. वर धोरण ठरविणारे, मध्ये नियंत्रण ठेवणारे, खाली दैनंदिन कामाची देखरेख करणारे, अशी ही तीन मजली इमारत. पुढील दोन दशके या विषयाची बहुतेक पाठ्यपुस्तके याच इमारतीच्या चित्रावर उभी राहिली. या चित्रात मजूर कोठे आहे? तो तळमजल्याच्याही खाली, पायात आहे. माहिती त्याच्यापासून उत्पन्न होते आणि वर चढत जाते. वरून खाली येतो तो फक्त हुकूम. खाणीतून कोळसा निघावा तशी त्याच्या श्रमातून माहिती निघते आणि कोळशाप्रमाणेच तीही त्याच्या मालकीची राहत नाही.

या प्रवाहाला आतूनच पहिला सडेतोड विरोध झाला तो १९६७ साली. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील रसेल अ‍ॅकॉफ याने ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला आणि या प्रणालींना ‘गैरमाहिती प्रणाली’ असे नाव दिले. प्रणाली रचणारे पाच गोष्टी गृहीत धरतात, असे त्याचे म्हणणे होते. व्यवस्थापकाकडे माहितीचा तुटवडा आहे. तो जी माहिती मागतो तीच त्याला हवी असते. ती मिळाली की त्याचे निर्णय सुधारतात. खात्याखात्यांत माहितीची देवाणघेवाण वाढली की संस्थेचे काम सुधारते. आणि प्रणाली आतून कशी चालते हे वापरणाऱ्याला कळण्याची गरज नाही. पाचही गृहीते त्याने खोडून काढली. तुटवडा नसतो, निरुपयोगी माहितीचा पूर असतो, हे त्याचे पहिले उत्तर आज सर्वांना पटते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते पाचवे. ज्याला आपली प्रणाली कळत नाही तो तिच्यावर नियंत्रण ठेवू शकत नाही. प्रणालीच त्याच्यावर नियंत्रण ठेवते. अ‍ॅकॉफने हे कंपनीच्या व्यवस्थापकाविषयी लिहिले होते. आमच्या तहसीलदाराला ते तंतोतंत लागू पडते.

दुसरा पुरावा प्रयोगाचा आहे. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी या विषयाचे पहिले मोठे अभ्यासकेंद्र उभारले. तेथे १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात माणसांना कृत्रिम कारखाना चालवायला देऊन त्यांच्या निर्णयांची पारख करण्यात आली. चर्व्हनी व डिक्सन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला कच्च्या आकड्यांचे पूर्ण तपशील दिले होते, तर दुसऱ्याला सांख्यिकी पद्धतीने काढलेला गोषवारा. गोषवाऱ्यावर चालणाऱ्यांचे निर्णय अधिक चांगले ठरले, पण त्यांना वेळ अधिक लागला आणि स्वतःच्या निर्णयावर त्यांचा विश्वास कमी होता. उलट ज्यांच्यापुढे आकड्यांचा ढीग होता ते अधिक निःशंक होते आणि अधिक चुकत होते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भिंतीवर क्षणाक्षणाला बदलणारे आकडे दाखविणारा जो पडदा हल्ली लावलेला असतो त्याच्यासमोर हा निष्कर्ष ठेवून पाहावा. त्या पडद्याने अधिकाऱ्याला शहाणपण येते की केवळ आत्मविश्वास येतो?

समाजवादी बाजूनेही येथे आत्मसंतुष्ट राहू नये. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत किमतींचा हिशेब बसणे शक्य नाही, या आक्षेपाला ओस्कार लांगे यांनी अखेरच्या काळात दिलेले उत्तर असे होते की, बाजार जे काम चाचपडत करतो ते संगणक क्षणात करील. सोव्हिएत युनियनमध्ये व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी देशभर संगणकांचे जाळे विणून त्यावरून नियोजन चालवावे अशी योजना मांडली. १९७० साली वरिष्ठ मंडळाने ती मूळ स्वरूपात नाकारली. खात्यांना आपापली माहिती सोडायची नव्हती. माहिती ही नोकरशाहीची मालमत्ता असते, मग ती नोकरशाही कोणत्याही ध्वजाखालची असो.

वेगळा प्रयत्न चिलीत झाला. १९७१ साली आयेंदे यांच्या सरकारने स्टॅफर्ड बिअर या इंग्रज शास्त्रज्ञाला पाचारण केले. राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सने जोडण्यात आले. त्या योजनेतील एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या कारखान्याचे उत्पादन बिघडले तर इशारा प्रथम त्या कारखान्यालाच मिळावा, ठराविक अवधीत त्यांनी बिघाड दुरुस्त केला नाही तरच तो वर जावा. म्हणजे माहितीवर पहिला हक्क ती जेथे जन्मली तेथल्या माणसांचा. प्रत्यक्षात कारखान्यांची गणिती प्रतिकृती अभियंत्यांनीच तयार केली आणि कामगारांचा सहभाग बेताचाच राहिला, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर १९७२ मधील मालमोटार मालकांच्या संपात मात्र हे टेलेक्सचे जाळे सरकारच्या उपयोगी पडले. पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात लष्करी उठाव झाला आणि सारेच संपले.

नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात, एकाही संगणकाशिवाय, माहिती-व्यवस्थापनाचा एक अवाढव्य प्रयोग चालू होता. १९७० ते ७३ या दुष्काळात सरकारी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३च्या सुमारास ५० लाखांच्या आसपास पोहोचली. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. या साऱ्यांची हजेरी, मोजमाप आणि पगार कागदावर होत असे. हजेरीपट कामावर असे, मुकादमाच्या काखेत. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे त्या कागदाच्या आधाराने जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर ते देता आले नाही तर बेकारभत्ता द्यावा, ही तरतूद त्यात होती. दर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, परंतु तत्त्व क्रांतिकारक होते.

कागदी हजेरीपट पवित्र होता असे कोणी समजू नये. खोटी नावे, मेलेल्यांच्या सह्या, मोजमाप पुस्तिकेतील चलाखी यांनी त्या योजनेचा इतिहास डागळलेला आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी त्याविरुद्ध मोर्चे काढलेले आहेत. पण त्या खोटेपणाला चेहरा होता. मुकादमाला गाठता येई. हजेरीपट हिसकावून गावासमोर वाचता येई. ओव्हरसियरला कामावर घेराव घालून टेप पुन्हा धरायला लावता येई. तक्रार आणि तक्रारीचे कारण एकाच शिवारात असे.

२००५ साली महाराष्ट्राच्या या योजनेवरून धडा घेऊन देशाचा कायदा झाला आणि त्यासोबत संगणकीय प्रणाली आली. तिने काही चांगले केले. देशातील कोणत्याही गावाचे हजेरीपट कोणीही उघडून पाहू शकेल अशी सोय झाली. राजस्थानात १९९४ पासून जनसुनवाईत हजेरीपटांच्या नकलांसाठी लोकांना जो झगडा करावा लागला होता त्याचे हे फळ होते. परंतु हळूहळू दर्पण होते ते दार बनले. प्रथम प्रणाली कामाची नोंद ठेवी. पुढे प्रणालीत नोंद असल्याशिवाय काम नाही, हजेरीपट निघत नाही, मजुरी नाही, अशी अवस्था आली. बाकमन आणि कॉड यांच्या कोष्टकात एक रिकामा रकाना ही तांत्रिक बाब होती. येथे तो चुलीशी निगडित झाला.

काय मोजायचे आणि काय नाही हे कोणी ठरविले, याची दोन उदाहरणे देतो. कायद्याने काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता देय होता. मागणीचा अर्ज आज आला, पण तो प्रणालीत काम उपलब्ध झाल्याच्या दिवशी चढविला, की विलंब शून्य. बेकारभत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ठिकठिकाणच्या मजूर संघटनांची ही जुनी तक्रार आहे. दुसरे उदाहरण मजुरीचे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त विलंब झाल्यास दररोज ०.०५ टक्का भरपाई द्यावी असा नियम होता, म्हणजे हजार रुपयांवर दिवसाला आठ आणे. तेवढीही देण्याची वेळ येऊ नये म्हणून की काय, प्रणाली फक्त स्थानिक कार्यालयातून पैशांचा आदेश निघेपर्यंतचा विलंब मोजत असे. त्यानंतर दिल्लीत लागणारा वेळ तिच्या लेखी विलंब नव्हताच. मे २०१८ मध्ये स्वराज अभियानच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या टप्प्यांशी मजुराला कर्तव्य नाही. संगणक येथे चुकला नव्हता. त्याला जे न मोजण्यास सांगितले होते ते त्याने इमानेइतबारे मोजले नाही.

मग आली छायाचित्रांची हजेरी. मे २०२१ मध्ये सुरू झालेले मोबाइलवरील हजेरीचे साधन जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर सक्तीचे झाले; दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र घ्यायचे. डोंगराळ शिवारात मोबाइलला रेंज नाही म्हणून दिवस बुडाल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. चोरी तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केले की, असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्राचे छायाचित्र असे प्रकार सर्रास चालू आहेत. खोटा हजेरीपट लिहिणारा मुकादम फक्त कॅमेरा वापरायला शिकला. यादरम्यान आधार-संलग्न मजुरीची तयारी चालू होती. ती १ जानेवारी २०२४ पासून अनिवार्य झाली. त्याआधीच्या २०२२-२३ या एका वर्षात देशभरात ५ कोटी १८ लाखांहून अधिक मजुरांची नावे यादीतून वगळली गेली, असे सरकारने लोकसभेत सांगितले. बोगस, दुबार, स्थलांतरित अशी कारणे दिली गेली. गंगाखेडसारख्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतात. पडताळणीच्या दिवशी जो कोयता घेऊन दूरच्या फडावर गेला आहे तो प्रणालीच्या भाषेत अस्तित्वात नसतो.

प्रश्न एका योजनेचा नाही. राणीसावरगाव हे महसूल मंडळाचे गाव आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हा नुकसानभरपाईचा निकष. आणि तो मोजायचा मंडळातील यंत्रावर. एका यंत्राच्या आकड्यावर साऱ्या मंडळातील गावांचे भवितव्य. डोंगराच्या एका अंगाला ढगफुटी आणि दुसऱ्या अंगाला नुसती भुरभुर, हे बालाघाटात राहणाऱ्या कोणालाही नवे नाही. शेत खरवडून गेलेल्या शेतकऱ्याला ‘तुमच्याकडे पाऊसच पडला नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याने कोणाचे ऐकावे, आभाळाचे की यंत्राचे? पूर्वी आणेवारीवरून भांडण होई. तलाठ्याने ती चुकीची लावली असे म्हणता येई. पर्जन्यमापकाशी भांडता येत नाही.

याचा अर्थ संगणकाला विरोध करावा असा होत नाही. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी यंत्रांविरुद्ध दिलेला लढा नोकऱ्यांसाठी होता आणि त्या काळी तो न्याय्य होता. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलन समितीने १९७२ साली त्याचा सांगोपांग विचार केला. त्याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील तथ्यशोधन समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा असल्याचे दाखवून दिले. त्यांच्या निकषांबद्दल, राज्याची सरासरी हेच माप मानण्याबद्दल, मतभेद होते आणि आहेत. परंतु ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे वाक्य त्या अहवालानंतर आकड्यांनी बोलू लागले, आणि पुढची दोन दशके मराठवाड्याच्या प्रत्येक सिंचन परिषदेत ते आकडे हाती घेऊन माणसे उभी राहिली. आकडे दुबळ्यांचेही हत्यार होऊ शकतात. मात्र त्यासाठी ते दुबळ्यांना वाचता आले पाहिजेत, तपासता आले पाहिजेत आणि खोडताही आले पाहिजेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाले याची जाहिरात झाली. खर्चाचा मोठा भार राज्यांवर पडला याची कमी झाली. जैविक ओळख, उपग्रहाधारित देखरेख, कृत्रिम बुद्धिमत्ता यांना त्यात मानाचे स्थान आहे याची तर आपल्या वर्तुळातही फारशी चर्चा झालेली नाही. ती झाली पाहिजे. या यंत्रणेचे नियम राज्यात आणि तालुक्यात ठरतील तेव्हा मजुराची बाजू मांडणारा कोणी तेथे हवा, आणि त्याला काय मागायचे हे ठाऊक हवे.

माझ्या मते मागण्या चार आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही नवे यंत्र लागत नाही. काम मागणीच्या अर्जाची दिनांकित पोच कागदावर मिळालीच पाहिजे, आणि संगणकातील तारीख व पोचेवरील तारीख यांत फरक पडल्यास पोच खरी मानावी. कोणतेही नाव ग्रामसभेत वाचून दाखविल्याशिवाय वगळू नये, आणि ती ग्रामसभा ऊसतोडीच्या हंगामात घेऊ नये. मजुराने काम केल्याची ग्वाही सोबतच्या मजुरांनी दिली तर छायाचित्र नसल्याच्या सबबीवर मजुरी अडवू नये. आणि विलंबाचे घड्याळ मजुराच्या हाती पैसे पडेपर्यंत चालू राहावे. चिलीतला तो नियम येथेही लागू करता येईल : मजुरी अडली, तर त्याचा इशारा दिल्लीच्या पडद्यावर जाण्याआधी गावाच्या चावडीवर लागावा, कोणत्या टेबलावर अडली आहे त्या टेबलाच्या नावासह.

तोपर्यंत शाखा-शाखांनी एक काम स्वतः करावे. प्रत्येक कामावर एक साधी वही ठेवावी. तारीख, मजुराचे नाव, खोदलेल्या मातीचे माप, सोबतच्या दोघांच्या सह्या वा अंगठे. आठवड्याअखेर ती वही आणि प्रणालीतील हजेरीपट शेजारी ठेवून मोठ्याने वाचावेत. जेथे मेळ बसणार नाही त्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत द्याव्यात, आणि त्या कागदाचीही पोच घ्यावी.